मेंदूतला फुगा, सात लाखांची जाळी आणि आपला कोरडवाहू शेतकरी

बाभुळगाव : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना यांची सांगड घालून १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य संरक्षण लागू झाले. त्याआधी ही मर्यादा दीड लाखाची होती. पिवळे, केशरी, पांढरे हा रेशनकार्डाचा भेदही गेला. हे चांगले झाले, यात वाद नाही. पण त्याबरोबर खेड्यापाड्यांत एक समज पसरला आहे, की आता कोणताही आजार येवो, कार्ड दाखवले की काम भागते. हा समज कितपत खरा, हे पाहायचे तर सर्दी-तापाचे उदाहरण घेऊन चालणार नाही. ज्याचा इलाज निघाला आहे, चांगला आहे, पण ज्याची किंमत ऐकूनच माणूस खाली बसतो, असा एक आजार घेऊ. तो म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिनीला येणारा फुगा. डॉक्टर त्याला ॲन्युरिझम म्हणतात.

फुगा म्हणजे काय?

आपल्या तालुक्यात बेंबळा प्रकल्प आहे, त्यामुळे कालवा कसा फुटतो हे कोणाला शिकवावे लागत नाही. पाणी सरळ वाहते तिथे काठ टिकतो. वळणावर किंवा फाटा निघतो तिथे पाण्याचा मारा एकाच जागी बसतो. तिथली माती आधी भुसभुशीत होते, मग काठ बाहेर फुगतो आणि एखाद्या रात्री भगदाड पडते. मेंदूच्या धमन्यांचेही असेच आहे. जिथे धमनीला फाटा फुटतो, तिथे भिंत कमजोर पडली की रक्ताच्या दाबाने ती बाहेर फुगते. बहुतेक फुगे तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या दाण्याएवढे असतात. १० मिलिमीटरच्या पुढे गेला की तो मोठा समजतात. २५ मिलिमीटर, म्हणजे जुन्या एक रुपयाच्या नाण्याच्या रुंदीएवढा झाला, की त्याला महाकाय म्हणतात.

हा आजार फार दुर्मीळ आहे असेही नाही. मोठ्या माणसांत शंभरापैकी साधारण तीन जणांच्या डोक्यात लहानसा फुगा असतो, असा जगभरचा अंदाज आहे. दोन हजार प्रौढांचे गाव धरले तर साठेक माणसे झाली. म्हणून घाबरून जायचे कारण नाही. त्यातले बहुतेक फुगे जन्मभर फुटत नाहीत आणि माणसाला त्यांचा पत्ताही लागत नाही.

प्रश्न आहे तो मोठ्या फुग्यांचा. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांतल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास छापून आला. मेंदूच्या पुढच्या बाजूचा सात मिलिमीटरपेक्षा लहान फुगा, ज्यांना आधी कधी असा रक्तस्राव झालेला नाही अशा रुग्णांत, पाच वर्षांत जवळपास फुटतच नाही असे त्यात दिसले. १३ ते २४ मिलिमीटरचा फुगा पाच वर्षांत शंभरापैकी १४-१५ जणांत फुटला. २५ मिलिमीटर आणि त्यापुढच्या फुग्यांत हे प्रमाण शंभराला चाळीस निघाले. मागच्या बाजूच्या धमन्यांवर फुगा असेल तर धोका त्याहूनही जास्त. म्हणजे लहान फुग्यावर पुष्कळदा नुसते लक्ष ठेवले तरी चालते. मोठ्या फुग्याकडे मात्र डोळेझाक करता येत नाही.

फुगा फुटला की मेंदूभोवती रक्त सांडते. साधारण तीनपैकी एक जण यात दगावतो. वाचलेल्यांतही अनेकांना हातापायाची, बोलण्याची किंवा स्मरणाची कमतरता राहते. बायकांत हा आजार पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. वाढलेला रक्तदाब आणि बिडी-सिगारेट ही याची दोन मोठी कारणे आहेत. घरात दोघा-तिघांना हा आजार झाला असेल, तर बाकीच्यांनी डॉक्टरचा सल्ला घ्यावा.

ओळखायचा कसा?

मोठा फुगा काही वेळा फुटण्याआधी इशारा देतो. तो शेजारच्या नसेवर दाब देतो. मग एका डोळ्याची पापणी खाली पडते. एका वस्तूच्या दोन दिसतात. एका डोळ्याने दिसणे कमी होत जाते. डोळ्याच्या मागे ठणका लागतो. आपल्याकडे अशा वेळी काय होते ते सर्वांना माहीत आहे. कोणी म्हणतो नजर लागली, कोणी म्हणतो अर्धशिशी आहे, कोणी नव्या चष्म्याचा नंबर काढून आणतो. पापणी अचानक पडली आणि त्याच डोळ्याची बाहुली मोठी झाली, तर ती घाईची वेळ आहे. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठला पाहिजे. नेत्र शिबिरात येणाऱ्या डॉक्टरांनी आणि नेत्र सहायकांनीही हे ध्यानात ठेवावे. मोतीबिंदूच्या रांगेत असा एखादा रुग्ण उभा असू शकतो.

फुगा फुटल्याची खूण वेगळी. डोके एकाएकी, क्षणात, आयुष्यात कधी दुखले नव्हते इतके दुखते. उलट्या होतात, मान आखडते, उजेड सहन होत नाही. काही जण तिथेच बेशुद्ध पडतात. आता असा माणूस वावरात पडलेला सापडला, तर आपल्या जिल्ह्यात पहिली शंका कशाची येते? २०१७ च्या फवारणीच्या विषबाधेपासून पहिली शंका औषधाची, मग सापाची, मग उन्हाची. ही शंका घेणे चुकीचे नाही. पण सोबत गेलेल्या माणसाने डॉक्टरला एक गोष्ट आवर्जून सांगावी : पडण्याआधी तो डोके धरून ओरडला होता का? या एका वाक्याने सीटी स्कॅन दोन तास आधी होऊ शकतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात यावर शेवटचा इलाज होणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. तिथे हवे ते इतकेच, की ‘बीपी वाढला, गोळी घ्या, घरी झोपा’ असे म्हणून रुग्ण परत पाठवू नये. १०८ ची गाडी बोलवावी आणि थेट यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सीटी स्कॅनसाठी धाडावा. तिथून पुढे मोठ्या केंद्राचा रस्ता. नागपूर यवतमाळहून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे रुग्ण हलवण्याआधी फोन करून एकच विचारावे : तुमच्याकडे मेंदूच्या धमन्यांवर तारेने उपचार करणारे डॉक्टर आणि त्याची कॅथ लॅब आज आहे का? भुलत भुलत तीन दवाखाने फिरण्यापेक्षा हा फोन स्वस्त पडतो.

क्लिप, कॉइल आणि जाळी

इलाजाच्या तीन वाटा आहेत. पहिली जुनी. कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावायचा. अमेरिकेतले सर्जन वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये ही शस्त्रक्रिया केली. चिमटा नीट बसला तर काम कायमचे होते. आजही अनेक रुग्णांसाठी हीच वाट योग्य ठरते.

दुसरी वाट १९९० च्या सुमारास इटलीचे डॉ. गुग्लिएल्मी यांनी अमेरिकेत काढली. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत न्यायची आणि फुग्यात प्लॅटिनमची मऊ तार गुंडाळून भरायची. हिला कॉइल म्हणतात. डोके उघडावे लागत नाही. पण फुगा मोठा आणि त्याचे तोंड रुंद असेल, तर भरलेली तार बाहेर सरकते किंवा दबून बसते आणि फुगा पुन्हा उघडतो. रुंद तोंडाच्या विहिरीत कितीही दगड टाका, बुजत नाही, तसा प्रकार.

तिसरी वाट आपल्या विषयाची, फ्लो डायव्हर्टरची. यात फुग्यात काही भरत नाहीत. ज्या धमनीला फुगा आला, तिच्यातच फुग्याच्या तोंडासमोरून बारीक तारांची विणलेली नळी बसवतात. हृदयात टाकतात त्या स्टेंटची ही चुलत बहीण म्हणा, पण वीण फार दाट. ‘पाइपलाइन’ नावाच्या जाळीत ४८ तारा विणलेल्या असतात. ती बसली की रक्त सरळ धमनीतून पुढे जाते आणि फुग्यात शिरणारा झोत मंदावतो. पाटाच्या कडेला खड्डा पडला आणि पाटाचे पाणी सरळ काढून दिले, तर खड्ड्यातले पाणी साचते, मग गाळ बसतो आणि पुढे त्यावर गवत धरते. इथे फुग्यातले रक्त गोठते आणि जाळीवर धमनीचे नवे अस्तर चढते. फुगा आतून बंद होतो. पण गाळ बसायला हंगाम लागतो, तसा इथेही वेळ लागतो. जाळी बसवल्या दिवशी फुगा बरा झाला असे होत नाही. त्याला महिने लागतात.

याचा पुरावा काय? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०११ मध्ये या जाळीला मान्यता दिली, ती गळ्यातून मेंदूत जाणाऱ्या मुख्य धमनीवरच्या मोठ्या आणि महाकाय, रुंद तोंडाच्या फुग्यांसाठी. त्याआधीच्या चाचणीत १०८ रुग्ण होते. फुग्यांची सरासरी रुंदी १८ मिलिमीटरच्या वर होती, म्हणजे अवघडच रुग्ण. सहा महिन्यांनी शंभरापैकी सुमारे ७४ फुगे पूर्ण बंद आढळले. एक वर्षाने ज्यांची तपासणी झाली त्यांत हे प्रमाण ८७ वर आणि पाच वर्षांनी ९५ वर गेले. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच चाचणीत शंभरापैकी साडेपाच-सहा रुग्णांना मोठा पक्षाघात झाला किंवा मृत्यू आला. तेव्हा ही जादूची कांडी नव्हे. पण डोक्यात चाळीस टक्क्यांचा धोका घेऊन पाच वर्षे काढायची, की पाच-सहा टक्क्यांचा धोका एकदा पत्करायचा, असा हिशेब डॉक्टर आणि घरच्यांना मिळून मांडावा लागतो.

फुगा फुटून रक्त सांडले असेल, तर डॉक्टर ही जाळी सहसा पहिल्यांदा वापरत नाहीत. कारण ती बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतात आणि ताज्या रक्तस्रावात त्या घातक ठरू शकतात. म्हणून मोठा फुगा फुटण्याआधी सापडणे, यालाच खरे महत्त्व आहे.

सात लाखांचा हिशेब

आता पैशाची गोष्ट. परदेशातून येणाऱ्या एका फ्लो डायव्हर्टरची किंमत सात ते आठ लाख रुपये पडते, असा आकडा केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या २०२० मधल्या निवेदनात आला होता. ही नुसती जाळीची किंमत. दवाखाना, नळ्या, तपासण्या, औषधे वेगळी. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. या भावाने सात लाख म्हणजे ८६ क्विंटल कापूस. बियाणे, खत, फवारणी, वेचाई यांचा एक रुपयाही वजा न करता. पाच एकर कोरडवाहू असलेल्या घराने यासाठी किती हंगाम घालवायचे, हे वाचकांनी आपापल्या वावराकडे पाहून ठरवावे.

इथे पाच लाखांच्या योजनेचा मुद्दा येतो. पाच लाखांची मर्यादा म्हणजे पाच लाखांचा धनादेश नव्हे. योजनेत प्रत्येक उपचाराचे नाव आणि दर ठरलेले असतात. जे यादीत आहे, त्याचेच पैसे आणि तेवढेच पैसे. आयुष्मान भारतच्या यादीत मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर तारेने करायच्या उपचारांचा वेगळा विभाग आहे आणि फुग्यात कॉइल भरण्याचा उपचार त्यात धरलेला आहे. पण दवाखान्याने ‘ॲन्युरिझमचा इलाज योजनेत आहे’ असे म्हटले, एवढ्यावर समाधान मानू नये. आरोग्यमित्राला नेमके विचारावे : माझ्या पेशंटला डॉक्टरांनी जी जाळी सांगितली, ती पॅकेजमध्ये बसते का? किती बसते? वरचे किती भरावे लागतील? उत्तर लेखी घ्यावे. योजनेचा निःशुल्क फोन १५५३८८ हा आहे, त्यावरही चौकशी करावी. यादी शासन वेळोवेळी बदलते, म्हणून शेजाऱ्याला दोन वर्षांपूर्वी काय सांगितले त्यावर विसंबून चालत नाही.

दुसरा मुद्दा किमतीवर अंकुशाचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत बांधून दिली. औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटला ७,२६० रुपये. एका रात्रीत लाखाच्या वरचे स्टेंट तीस हजारांच्या आत आले. त्याच वर्षी गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीही बांधल्या गेल्या. मेंदूची जाळी या आदेशांत नव्हती. हृदयाचे रुग्ण लाखांनी आहेत, त्यांचा आवाज दिल्लीपर्यंत पोचला. मेंदूच्या फुग्याचे रुग्ण एकेका गावात एखादा, एकेका तालुक्यात चार-दोन. त्यांचा मोर्चा निघत नाही. म्हणून हा विषय कोणी तरी त्यांच्या वतीने मांडायला हवा.

पुण्याच्या कारखान्याकडे लक्ष

यात आशेची एक बाजू आहे आणि तिचा धागा आपल्याच राज्यात येतो. केरळातल्या तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल या केंद्र सरकारच्या संस्थेने देशी फ्लो डायव्हर्टर तयार केला. निकेल आणि टायटॅनियम मिळून झालेला नायटिनॉल हा धातू त्यात वापरला. वाकवला तरी तो मूळ आकारावर परत येतो. या कामी बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेची, म्हणजे विमानांचे संशोधन करणाऱ्या संस्थेची, मदत झाली. २०२० मध्ये हे तंत्र पुण्याच्या बायोरॅड मेडिसिस या कंपनीकडे देण्याचा करार झाला. प्राण्यांवरच्या चाचण्या पार पडल्या असून पुढे माणसांवरच्या चाचण्या होतील, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले.

याच चित्रा संस्थेने याआधी एक काम करून दाखवले आहे. हृदयाची झडप परदेशातून येत होती आणि गरिबाच्या आवाक्याबाहेर होती. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने संस्थेने देशी झडप बनवली. पहिली झडप डिसेंबर १९९० मध्ये रुग्णाला बसवली गेली. पुढे ती देशभर लाखाच्या वर रुग्णांना लागली. पण ती बनवताना आधीचे नमुने फसले होते, वर्षे गेली होती. म्हणजे देशी वस्तू शक्य आहे, पण प्रयोगशाळेतून दवाखान्याच्या कपाटात यायला वेळ लागतो आणि शासनाने पाठपुरावा ठेवला तरच ती येते. आपल्या खासदार-आमदारांनी या जाळीबद्दल सभागृहात सरळ प्रश्न विचारावेत : माणसांवरच्या चाचण्या कुठवर आल्या? शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांसाठी ती खरेदी होणार का? आणि तोवर परदेशी जाळीची कमाल किंमत बांधणार का? एका करारनाम्याच्या बातमीवर पाठ थोपटून घेण्यापेक्षा याची उत्तरे जास्त मोलाची आहेत.

जाळीनंतरची गोळी

पैसे जमले, जाळी बसली, पेशंट घरी आला, की घरचे म्हणतात, सुटलो. खरे तर अर्धे काम इथून पुढे असते. जाळी म्हणजे रक्तात ठेवलेले धातूचे परके अंग. त्यावर नवे अस्तर चढेपर्यंत रक्ताची गुठळी धरण्याचा धोका असतो. म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा दोन गोळ्या काही महिने रोज घ्याव्या लागतात. पुढे एक गोळी पुष्कळदा दीर्घकाळ चालू राहते. या गोळ्या महाग नाहीत. जेनेरिक दुकानात स्वस्त मिळतात. पण त्या आपल्या मनाने बंद केल्या, तर सात लाखांची जाळी बंद पडून लकवा मारू शकतो.

खेड्यात गोळी बंद पडायची कारणे साधी असतात. दाढ काढायची म्हणून कोणी सांगतो, चार दिवस गोळी बंद ठेवा. गोळ्या संपल्या आणि पेरणीच्या गर्दीत यवतमाळला जाणे झाले नाही. बरं वाटतं, मग कशाला खायची, असे घरची म्हातारी म्हणते. यावर नियम एकच : ज्या डॉक्टरने जाळी बसवली, त्याला फोन केल्याशिवाय एकही दिवस गोळी चुकवायची नाही. तसेच अंगदुखीसाठी दुकानातून दिसेल ती गोळी किंवा इंजेक्शन घेऊ नये. आधीच पातळ असलेले रक्त त्याने पोटात वाहू शकते. शौचास काळे झाले, नाकातून रक्त थांबत नाही, किंवा हात-पाय, बोलणे लटके पडले, तर त्याच वेळी दवाखाना. आणि सहा महिन्यांनंतरची तपासणी कापूस वेचणीत आली तरी टाळू नये. फुगा बंद झाला की नाही, हे तिथेच कळते.

गावाने काय करावे?

ग्रामपंचायत आणि तालुक्याच्या अधिकाऱ्यांना यात करण्याजोगे बरेच आहे, आणि त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.

पहिले, रक्तदाब. आरोग्य उपकेंद्रात तीस वर्षांवरच्या सर्वांचा रक्तदाब मोजण्याचे काम आशा आणि आरोग्य सेविकांकडे आहे. पेरणीनंतरच्या मोकळ्या आठवड्यांत ग्रामसभेने एक दिवस त्यासाठी ठरवावा. बिडी सोडण्याचा विषयही त्याच दिवशी काढावा. खर्ऱ्याने तोंडाचा कॅन्सर होतो हे गावाला आता कळले आहे. बिडीने डोक्यातली धमनी फुगते, हे अजून कळलेले नाही.

दुसरे, कागद. मोठ्या आजारात पहिले दोन दिवस कागदांत जातात. आधार, रेशनकार्ड आणि आयुष्मान कार्ड यांतली नावे जुळतात का, हे आधीच पाहून घ्यावे. यादीबाहेरचा खर्च आला तर मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. या दोन्हींसाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि तहसील कार्यालयाने दवाखान्याचा कागद पाहून असा दाखला त्याच दिवशी द्यावा. पेशंट नागपूरला खाटेवर आणि मुलगा दाखल्यासाठी खेटे घालतोय, ही वेळ येऊ देऊ नये.

तिसरे, ठराव. मेंदूच्या जाळीची कमाल किंमत बांधावी आणि डॉक्टरांनी गरजेची ठरवलेली जाळी योजनेच्या यादीत स्पष्ट नावाने धरावी, असा ठराव ग्रामसभांनी करून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शासनाकडे पाठवावा. एका गावाच्या ठरावाने दिल्ली हलत नाही, हे खरे. पण एका तालुक्यातून पन्नास ठराव गेले, तर उत्तर द्यावे लागते. हृदयाच्या स्टेंटची किंमतही कोणी आपणहून खाली आणली नव्हती. लोकांनी आरडाओरड केली, प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा कुठे ती खाली आली.

मोठ्या फुग्याचा इलाज आज आहे. कवटी न उघडता आहे. पण बाभुळगावच्या माणसापर्यंत तो पोचायला तीन दारे उघडावी लागतात : पहिल्या दवाखान्यात आजार ओळखला जाणे, जाळीची किंमत आवाक्यात येणे आणि घरी गेल्यावर गोळी चालू राहणे. पहिले आणि तिसरे दार उघडणे आपल्या हातात आहे. मधल्या दाराची किल्ली शासनाकडे आहे, आणि ती मागत राहणे हे आपले काम आहे.